थंड प्रदेशातील झुडूप-चेरी व हनीबेरी : मुंबईच्या चाळीत व गच्चीत लावावी काय?

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत लागवडीला जमीन उरलेली नाही, पण झाडे लावण्याची हौस मात्र कायम आहे. कोकणातून व घाटावरून आलेल्या कुटुंबांनी चाळीच्या कठड्यावर, गच्चीवर आणि खिडकीच्या जाळीत तुळस, गवती चहा, ओवा, कढीलिंब आजवर जपले आहेत. अलीकडे या हौसेत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. टपालाने किंवा कुरिअरने घरपोच येणाऱ्या झुडूप-चेरी व हनीबेरी या थंड प्रदेशातील फळझाडांची रोपे काही जण मागवू लागले आहेत. कॅनडात असलेला मुलगा अंगणातल्या लालभडक चेरीने लगडलेल्या झुडपाचे छायाचित्र पाठवितो, 'उणे ४० अंशातही टिकणारे झाड' असे कौतुकाने सांगतो आणि इकडे आईवडिलांना वाटते, एवढे काटक झाड मुंबईत सहज येईल.

येथेच फसगत होते. उणे ४० अंशात टिकणे हा त्या झाडाचा गुण खरा, पण त्या थंडीची त्याला गरजही असते. ही झुडपे मुंबईत फळत नाहीत. ती का फळत नाहीत आणि त्याच जागेत, तेवढ्याच कष्टात झुडपावरची आंबटगोड फळे हवी असतील तर काय लावावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

ही झुडपे कोणती व कोठली?

झुडूप-चेरी म्हणजे माणसाच्या उंचीएवढी वाढणारी, बुंध्यापासून अनेक फांद्या फुटणारी चेरी. कॅनडातील सस्कॅचेवान विद्यापीठाने आंबट चेरी (प्रुनस सेरासस) आणि सायबेरिया व मध्य आशियाकडील रानटी झुडूप-चेरी (प्रुनस फ्रुटिकोसा) यांच्या संकरातून अशा जाती काढल्या. त्यातील 'कार्माइन ज्युएल' ही जात १९९९ मध्ये, तर 'रोमियो', 'ज्युलिएट' इत्यादी जाती २००४ मध्ये प्रसारित झाल्या. चीन व आसपासच्या थंड भागातील नानकिंग चेरी (प्रुनस टोमेंटोसा) हीदेखील याच गटात धरली जाते.

हनीबेरीचे शास्त्रीय नाव लोनिसेरा सेरुलिया असे आहे. जपानच्या होक्काइडो बेटावर तिला 'हस्कॅप' म्हणतात. फळ लांबट, निळे-जांभळे व आंबटगोड असते. सस्कॅचेवान विद्यापीठाच्या 'टुंड्रा' व 'बोरिअलिस' या जाती २००७ मध्ये पुढे आल्या. हिची उमललेली फुलेसुद्धा उणे ७ अंशापर्यंतचे दहिवर सोसतात. यावरून हे पीक कोणत्या हवामानासाठी घडले आहे, हे लक्षात यावे.

मुंबईत ती का फळत नाहीत?

बर्फाळ प्रदेशातील फळझाडे शरद ऋतूत पाने गाळतात व त्यांचे डोळे सुप्तावस्थेत जातात. हिवाळ्यात मध्येच चार दिवस ऊब आली म्हणून झाड फुलले, तर पुढच्या थंडीत मोहोर जळून जाईल. हे टाळण्यासाठी निसर्गाने योजना केली आहे. डोळ्यांना ठरावीक काळ थंडी मिळाल्याशिवाय ते पूर्णपणे जागे होत नाहीत. ही थंडी साधारणपणे ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलेल्या तासांत मोजतात. आंबट चेरीला असे सुमारे १००० तास लागतात. हनीबेरीलाही दीर्घ हिवाळा हवा असतो.

आता मुंबईचा हिशेब पाहू. कुलाबा वेधशाळेत जानेवारीचे सरासरी किमान तापमान १९ अंशांच्या आसपास असते. तेथील नीचांकी तापमान २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदले गेले, तेही ११.७ अंश होते. म्हणजे दक्षिण मुंबईच्या त्या सर्वांत थंड रात्रीही या झाडांच्या खात्यात थंडीचा एक तासही जमा झाला नसता. गरज १००० तासांची आणि जमा शून्य, असा हा व्यवहार आहे.

आंब्याला मोहोर येण्यासाठीही थंडी लागते, मग हे का चालू नये, असा प्रश्न कोणी विचारील. आंब्याला लागतो तो नोव्हेंबर-डिसेंबरमधील रात्रीचा गारवा. तो मुंबईत मिळतो. चेरीला लागणारा कडाका मिळत नाही.

अशा रोपाचे पुढे काय होते, हे जाणून घेणे आवश्यक आहे. पहिल्या वर्षी रोप पालवते. ही पालवी त्याने मूळच्या रोपवाटिकेत साठविलेल्या अन्नावर व तेथेच मिळालेल्या थंडीवर येते. त्यामुळे मालकाला वाटते की झाड लागले. दुसऱ्या वर्षी फक्त शेंड्यांना थोडी पाने येतात, बाजूचे डोळे झोपलेलेच राहतात. उष्ण रात्रींमुळे दिवसा तयार झालेले अन्न श्वसनात खर्च होते. उन्हाळ्यात पानांच्या कडा करपतात व पावसाळ्यात मुळे कुजतात. दोन-तीन वर्षांत झाड संपते. यात मालकाची निगा कमी पडलेली नसते, तर मुळात झाडाची निवडच चुकलेली असते.

फ्रीज, बर्फ आणि कमी थंडीच्या जाती

कुंडीत रोज बर्फाचे खडे टाकावेत, असे काही जण सुचवितात. त्याचा उपयोग नाही. थंडी मोजली जाते ती फांदीवरील डोळ्यांत, आणि बर्फ गार करतो ती माती. रोप फ्रीजमध्ये ठेवायचे म्हटले तर १००० तास म्हणजे सलग सुमारे ४२ दिवस झाले. पाने गळालेले लहान रोप एकदा असे ठेवता येईलही, परंतु फळ धरण्याएवढे मोठे झुडूप दरवर्षी कुंडीसह फ्रीजमध्ये मावणार नाही. शिवाय बाहेर काढल्यावर त्याला गार वसंत मिळत नाही, थेट मुंबईचा उकाडा मिळतो.

महाराष्ट्रात सफरचंद येते, मग चेरी का येऊ नये, असेही विचारले जाते. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्याचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी निवडलेली 'एचआरएमएन-९९' ही सफरचंदाची जात सखल व उष्ण भागात फळते, म्हणून ती आपल्याकडे आली. ती मुद्दाम कमी थंडीसाठी निवडलेली आहे. वर सांगितलेल्या झुडूप-चेरीच्या जाती याच्या नेमक्या उलट, म्हणजे कडाक्याच्या थंडीसाठी निवडलेल्या आहेत. भारतात चेरीची लागवड काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंडच्या उंच भागांत होते, ती यामुळेच. उन्हाळ्यात क्रॉफर्ड मार्केटमध्ये येणाऱ्या खोक्यांतील ताजी चेरी तिकडचीच असते.

रोपे मागविण्यापूर्वी

१) शास्त्रीय नाव विचारावे. नुसत्या 'चेरी' या नावावर विसंबू नये. प्रुनस या वंशातील थंड प्रदेशाची चेरी, बार्बाडोस चेरी, सुरिनाम चेरी आणि सिंगापूर चेरी ही चार निरनिराळी झाडे आहेत. मुंबईच्या रस्त्याकडेला वाढणारी व मुलांच्या आवडीची सिंगापूर चेरी (मुंटिंजिया कॅलाबुरा) हा तर वृक्ष आहे, तो कुंडीत आवरत नाही.

२) मूळ प्रदेश आणि थंडीची गरज विचारावी. 'कोणत्याही हवामानात येते' असे उत्तर मिळाल्यास रोप घेऊ नये.

३) परदेशातून रोपे, कलमे किंवा बी सामानातून अथवा टपालाने परस्पर आणू नये. २००३ च्या वनस्पती आयात नियमन आदेशानुसार त्यासाठी आयात परवाना आणि पाठविणाऱ्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. हे नियम उगाच केलेले नाहीत. आयात धान्याबरोबर आले असे मानले जाणारे गाजर गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसले. त्याने शेतकऱ्याचे पुढे काय केले, हे सांगण्याची गरज नाही. एका रोपाच्या मुळांना चिकटलेल्या मातीतून नवी कीड अगर रोग येऊ शकतो.

मुंबईला मानवणारी फळझुडपे

गिरगावात फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी ही नावे आजही आहेत. लालबागेच्या शेजारी चिंचपोकळी आहे. या भूमीला काय मानवते, ते या नावांतच आहे. त्याच धर्तीवर कुंडीत घेता येण्याजोगी पाच झुडपे पुढे दिली आहेत.

करवंद : बेकरीतील केकवर व आइस्क्रीमवर दिसणारी लाल 'चेरी' बहुधा साखरेत मुरविलेले करवंदच असते. म्हणजे चेरीच्या नावाने आपण लहानपणापासून आपलीच डोंगराची मैना खात आलो आहोत. हे झुडूप काटक असून ऊन, वारा व पाण्याचा ताण सहन करते. फुले हिवाळ्याच्या अखेरीस येतात व फळे एप्रिल ते जूनमध्ये तयार होतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने मोठ्या फळांची 'कोकण बोल्ड' ही जात प्रसारित केली आहे. घरी रोप करायचे असल्यास मे महिन्यात गावाहून परतताना पूर्ण पिकलेली करवंदे आणावीत व बी धुऊन लगेच पेरावे, कारण या बियांची उगवणशक्ती फार काळ टिकत नाही. बियांपासूनच्या रोपांना तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळे येतात. परागीकरण चांगले व्हावे म्हणून दोन रोपे जवळ ठेवावीत. काटे असल्याने मुलांच्या जाण्यायेण्याच्या जागी कुंडी ठेवू नये.

बार्बाडोस चेरी : दिसायला खऱ्या चेरीच्या सर्वांत जवळची. हिच्या १०० ग्रॅम फळात १००० मि.ग्रॅ.हून अधिक क जीवनसत्त्व असते, म्हणजे आवळ्यापेक्षाही जास्त. फूल आल्यापासून ३ ते ४ आठवड्यांत फळ पिकते व वर्षातून अनेक वेळा बहर येतो. तोडलेले फळ दोन-तीन दिवसांत खराब होते, त्यामुळे ते बाजारात दिसत नाही. घरी लावण्याचे हेच मोठे कारण आहे. गुटी कलम किंवा छाट कलमाचे रोप घ्यावे. फुले येऊनही फळे धरत नसतील, तर सकाळी मऊ ब्रश एका फुलावरून दुसऱ्यावर फिरवावा.

सुरिनाम चेरी : फळावर भोपळ्यासारख्या उभ्या फाका असतात. फळ केशरी असताना तोडल्यास राळेसारखा उग्र वास येतो. पूर्ण गडद लाल झाल्यावर व हाताला सहज सुटून आल्यावरच तोडावे.

तुती : हनीबेरीच्या लांबट जांभळ्या फळाची हौस तुतीवर भागते. जून-जुलैमध्ये पेन्सिलीएवढ्या जाडीच्या २० ते २५ सें.मी. लांबीच्या काड्या लावल्यास त्या सहज फुटतात. काडीपासून वाढलेल्या झाडाला वर्षभरात फळे येऊ लागतात. फळे नव्या फुटीवर येत असल्याने छाटणी आवश्यक असते.

फालसा : याची पाने हिवाळ्यात काही प्रमाणात गळतात. डिसेंबर-जानेवारीत एक मीटर उंची ठेवून छाटणी करावी. नव्या फुटीवर फळे येऊन ती एप्रिल-मेमध्ये पिकतात. सरबत उत्तम होते.

नवशिक्याने प्रथम तुती किंवा बार्बाडोस चेरी लावावी. ऊन भरपूर व पाणी देण्यास सवड कमी असल्यास करवंद निवडावे.

जागा, ऊन व वजन

या झुडपांना रोज किमान ५ ते ६ तास ऊन लागते. चाळींमधील अंतर कमी असल्याने गॅलरीत किती तास ऊन येते, ते रोप आणण्याआधी एक रविवार घड्याळ लावून पाहावे. ऊन ३ तासांपेक्षा कमी असेल, तर फळझाडाऐवजी ओवा, पुदिना, गवती चहा घ्यावा.

वजनाचा विचार मुंबईत सर्वांत महत्त्वाचा आहे. ४५ सें.मी. व्यासाच्या व तेवढ्याच उंचीच्या कुंडीत सुमारे ७० लिटर माती मावते. ती माती पावसात भिजली, की वजन १०० किलोच्या वर जाते. जुन्या चाळींच्या लाकडी तुळयांवरील गॅलरीत अशी एकही कुंडी ठेवू नये. तेथे ३० सें.मी. व्यासाची प्लॅस्टिकची कुंडी व हलके मिश्रण वापरावे, म्हणजे ओले वजन २५ किलोच्या आसपास राहते. कुंडी कठड्यावर टांगू नये, भिंतीच्या बाजूला ठेवावी. गॅलरी ही शेजाऱ्यांची वाट आहे, ती अडवू नये. मोठ्या कुंड्या फक्त पक्क्या गच्चीवर, तुळईच्या किंवा भिंतीच्या रेषेवर आणि सोसायटीच्या संमतीने ठेवाव्यात.

कुंडी भरणे व लागवड

कुंडीला तळाशी ४-५ छिद्रे असावीत. त्यांवर खापरीचे तुकडे ठेवून माती २ भाग, गांडूळखत किंवा कुजलेले शेणखत १ भाग व नारळाच्या काथ्याचा भुसा १ भाग असे मिश्रण भरावे. लाकडी गॅलरीसाठी माती एकच भाग घेऊन भुसा दोन भाग करावा. वरून ४ ते ५ सें.मी. जागा पाण्यासाठी मोकळी ठेवावी. लागवड जूनच्या पहिल्या पावसानंतर किंवा सप्टेंबरमध्ये करावी. कुंडी विटांवर उचलून ठेवावी.

पाणी, खते व छाटणी

उन्हाळ्यात रोज सकाळी, हिवाळ्यात एक दिवसाआड पाणी द्यावे. बोटाचे पहिले पेर मातीत घालून पाहावे, ओल लागल्यास पाणी देऊ नये. मुंबईत वर्षाला २००० मि.मी.हून अधिक पाऊस जवळजवळ चार महिन्यांतच पडतो. त्या काळात कुंडीची छिद्रे बुजणार नाहीत, याकडे लक्ष द्यावे. कुंडीखालच्या ताटल्या पावसाळ्यात काढून टाकाव्यात. त्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यू व हिवतापाचे डास वाढतात.

दर दोन महिन्यांनी दोन मुठी गांडूळखत वरच्या मातीत मिसळावे. करवंदाची हलकी छाटणी फळे संपल्यावर करावी. तुती व बार्बाडोस चेरीची छाटणी प्रत्येक बहरानंतर करावी. दर दोन वर्षांनी रोप काढून बाहेरील मुळे थोडी छाटावीत व नवे मिश्रण भरावे.

कीड व रोग

पिठ्या ढेकूण ही मुख्य कीड आहे. शेंड्यांवर कापसासारखे पुंजके दिसताच ओल्या फडक्याने पुसून काढावेत आणि एक लिटर पाण्यात ५ मि.लि. निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून सायंकाळी फवारावे. ८ दिवसांनी फवारणी पुन्हा करावी. मुंग्या दिसल्यास बंदोबस्त करावा, कारण त्या ही कीड पसरवितात. पानांवर ठिपके आल्यास रोगट पाने वेचून नष्ट करावीत. फळे पिकताना बुलबुल येतात. काही फांद्यांना जाळी बांधावी व काही त्यांच्यासाठी सोडाव्यात.

करवंदाची 'चेरी' घरच्या घरी

लाली धरलेली परंतु टणक अशी एक किलो करवंदे घ्यावीत. उभी चीर देऊन बी काढावे व २ टक्के मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवावीत, म्हणजे चीक व तुरटपणा कमी होतो. सकाळी स्वच्छ धुऊन ५ मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून निथळावीत. पाऊण लिटर पाण्यात अर्धा किलो साखर विरघळवून पाक उकळावा व त्यात फळे बुडवावीत. दुसऱ्या दिवसापासून रोज फळे बाजूला काढून पाकात १५० ग्रॅम साखर घालावी, पाक उकळून थोडा आटवावा व कोमट झाल्यावर फळे पुन्हा त्यात घालावीत. असे सहा दिवस करावे. शेवटच्या वेळी चिमूटभर सायट्रिक आम्ल घालावे, म्हणजे साखरेचे खडे होत नाहीत. पाक मधासारखा घट्ट झाल्यावर आठवडाभर मुरू द्यावे, नंतर फळे निथळून सावलीत सुकवावीत. बाजारातील भडक रंगाची गरज नाही. उरलेला पाक सरबताला वापरावा.

परदेशातील नातेवाइकांसाठी

कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात असलेल्या आपल्या माणसांना मात्र झुडूप-चेरी व हनीबेरी लावण्यास जरूर सांगावे. चेरीचे एक झाडही फळते, पण हनीबेरीच्या एकाच वेळी फुलणाऱ्या दोन वेगळ्या जाती जवळ लावाव्या लागतात. हनीबेरी बाहेरून निळी झाली तरी आत हिरवट व आंबट असू शकते. फळ कापून गर जांभळा दिसल्यावरच तोडणी करावी.

सारांश, झाड किती काटक आहे हे पाहण्याआधी ते कशासाठी काटक आहे, हे पाहावे. बर्फ सोसणाऱ्या चेरीवर पैसे व तीन वर्षे घालविण्यापेक्षा तीच कुंडी करवंदाला द्यावी. मुलाने पाठविलेल्या छायाचित्राला उत्तर म्हणून मग लालबागच्या गच्चीवरचे करवंदाचे लगडलेले झुडूप पाठविता येईल.